मावशींच्या घरात संपणारी धावपट्टी

कवळीवाले काकांच्या तोंडात साठीला टेकल्यावरही सगळे दात जागच्या जागी होते, आणि त्याचं त्यांना जरा अवघडल्यासारखंच व्हायचं. दुकानदाराने स्वतःचा माल कधी वापरूनच बघितला नाही, असं काहीसं. बाकी अख्खी वसाहत त्यांच्या हातच्या दातांनी जेवत होती म्हटलं तरी चालेल. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागे एक लांबोडकी खोली होती, तिथे खिडकीशी त्यांचं टेबल. टेबलावर मेणाच्या पट्ट्या, स्पिरिटचा दिवा, नखाएवढ्या सुऱ्या; आणि भिंतीवरच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने आ वासून बसलेले. डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडाचं माप घ्यायच्या, ते माप मागच्या खोलीत यायचं, आणि काका त्यातून माणसाचं हसू पुन्हा उभं करायचे.

हात एकदम स्थिर. मन मात्र नाही. काळजी करणं हा काकांचा जोडधंदा होता. गॅसवर दूध ठेवलं असलं की ते दुसऱ्या खोलीतून उगाच दोनदा डोकावून जायचे. मुलगी सायकल शिकत होती तेव्हा ते तिच्यामागे इतके पळाले, की ती शिकून मोकळी झाली आणि यांची कंबर धरून बसली.

या मुलीचं घरातलं नाव बबडी. आणि ही बबडी मोठी होऊन पायलट झाली.

आपल्याला पायलट व्हायचंय, हे तिने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा काका जेवत होते. त्यांनी घास गिळला, वर पाणी प्यायले आणि म्हणाले, "वा." पोरीचा चेहरा इतका उजळला होता, की त्यावर आपली काळजी ओतायची त्यांची छाती झाली नाही. तेव्हापासून त्यांनी एक पथ्य धरलं. काळजी करायची ती आपल्याआपण. पोरीसमोर चकार शब्द काढायचा नाही. ती परीक्षा पास झाली, वा. ती पहिल्यांदा एकटी उडाली, वा. तिला नोकरी लागली, तेव्हा तर दोनदा वा.

काकूंचं तसं नव्हतं. काकू पडदे शिवायच्या. बाहेरच्या खोलीत त्यांचं मशीन, आणि गळ्यात टेप दिवसभर माळेसारखी लटकलेली. कुणाच्याही घरी गेल्या की आधी खिडक्या बघायच्या आणि मग माणसं. काळजी वाटली तर त्या बोलून टाकायच्या, बोलून झालं की विसरायच्या, आणि पुढच्या पडद्याला चुण्या घालायला बसायच्या.

तर एकदा बबडी दोन दिवस घरी आली आणि जाताना बॅगेतून एक डबी काढून काकांच्या हातावर ठेवली. आत विमान. तळहातावर मावेल एवढं, धातूचं, पण खिडक्यांसकट सगळं कोरल्यासारखं.

"मी चालवते ते हेच, बाबा. आणि ऐका, पुढच्या महिन्यापासून प्रवासी घेऊन विमान उतरवायचं मी."

"एकटीने?"

"एकटीने कसं? शेजारी मोठे कॅप्टन असतातच. पण हात माझे."

"वा," काका म्हणाले.

बबडी गेली. विमान शोकेसवर गेलं, चांगल्या कपबशा आणि घड्याळ यांच्या मधोमध. येता-जाता काकांची नजर त्यावर जायची. काहीतरी खटकत होतं. कपबशांच्या शेजारी विमान म्हणजे पाहुण्याला चपलांच्या स्टँडवर बसवल्यासारखं दिसत होतं. विमानाला खाली जमीन नको? आणि जमीन म्हणजे धावपट्टी. आपले हात काय फक्त दातच करू शकतात की काय, असा विचार करून काकांनी विमान रुमालात गुंडाळलं आणि बाजारामागच्या गल्लीतलं खेळण्यातल्या गाड्या-विमानांचं दुकान गाठलं.

दुकानाचा मालक, ज्याला सगळे मॉडेलवालाच म्हणायचे, चष्मा कपाळावर चढवून बसला होता. विमान बघितल्यावर त्याने तो डोळ्यांवर ओढला.

"हे चारशेत एक. म्हणजे खऱ्यातले चारशे मीटर इथे एक मीटर धरायचे."

"आणि धावपट्टी केवढी लागेल?"

"ठेवणार कुठे?"

"शोकेसवर. भिंतीलगत."

"मग दोन मीटर. दोन मीटरमध्ये झकास होते."

इथेच खरी मेख होती, पण ती तेव्हा दोघांच्याही लक्षात आली नाही. मॉडेलवाल्याला वाटलं, आपण शोकेसचं माप सांगितलं. काकांना वाटलं, त्याने धावपट्टीचं सांगितलं.

मॉडेलवाला गप्पिष्ट निघाला. म्हणाला, "एक सांगतो, डांबर रंगवायला जाऊ नका. रंग कितीही चांगला मारा, खडबडीतपणा काही रंगात येत नाही. सुतार-रंगारी घासायला वापरतात तो वॉटर पेपर चिकटवा. बारीकातला बारीक." आणि खऱ्या धावपट्टीच्या एका टोकाचा, वरून काढलेला मोठा फोटोही त्याने काढून दिला.

वॉटर पेपर तर काकांच्या रोजच्या वापरातला. कवळीची कड घासायला त्यांना तोच लागायचा. घरी येऊन त्यांनी जुन्या पलंगाची एक फळी शोधली, तासून सपाट केली, आणि कामाला लागले. संध्याकाळी दवाखान्यातून आले की चहा, आणि चहा झाला की धावपट्टी.

पहिल्यांदा ती फसलीच. काळा कागद चिकटवून वर पांढरे पट्टे ओढले, तर दिसायला शाळेतला फळा. काकांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. खरी धावपट्टी काळी कुठे होती? उन्हापावसाने विटून ती राखाडी झाली होती, आणि तो राखाडीही सगळीकडे सारखा नव्हता. मग त्यांनी प्लास्टरची भुकटी चिमटीने भुरभुरवली आणि अंगठ्याने कागदात चोळली. कागदाच्या दोन तुकड्यांमधले सांधे लपवायला ते जिवाचा आटापिटा करत होते, तोच फोटोत दिसलं की सांधे खऱ्या धावपट्टीलाही असतात, आणि त्यांच्यात डांबर भरलेलं असतं. हे बघून त्यांना फार बरं वाटलं. सांधे त्यांनी तसेच ठेवले, उलट टोकदार पेन्सिलने आणखी गडद केले.

पांढऱ्या पट्ट्यांना मास्किंग टेप लावली, रंग पातळ दिला, आणि वाळल्यावर दातांच्या जुन्या ब्रशने घासून अर्धामुर्धा उडवला. सुरुवातीच्या टोकाला पट्ट्यांची एक ओळ होती, बाजाच्या पेटीच्या पट्ट्या शेजारी शेजारी मांडाव्यात तशी. ती करायला त्यांना दोन संध्याकाळी लागल्या. कडेचे दिवे म्हणजे पारदर्शक अॅक्रिलिकचे थेंब, मोहरीपेक्षा लहान. गवतासाठी लाकडाचा भुसा हिरवा रंगवला. शेवटी चाकांचे डाग. विमान टेकतं तिथे रबर घासून काळे पट्टे उमटतात, हे फोटोत स्पष्ट दिसत होतं. काकांनी पेन्सिलचं शिसं खरवडलं आणि करंगळीने लांबट ओढलं. आधी दाट, मग विरळ होत गेलेलं.

झाल्यावर डॉक्टरीणबाई मुद्दाम बघायला आल्या. काकू म्हणाल्या, "आता हिच्यावर धूळ बसली तरी खरीच वाटेल, म्हणजे माझं पुसायचं काम वाचलं."

सगळं छान होतं, तोवर एका संध्याकाळी बबडीचा फोन आला. काका शोकेससमोरच उभे होते, एका हातात फोन, दुसऱ्या हातात विमान. बोलता बोलता सहज त्यांनी विचारलं, "बबडे, ते उतरलं की थांबायला किती जागा लागते गं?"

बबडी घाईत होती. "भरलेलं विमान असेल तर सुरुवातीच्या टोकापासून दीड हजार मीटर धरा. का हो?"

"सहजच."

फोन ठेवला आणि काकांच्या डोक्यात हिशोब आपोआप सुरू झाला. चारशेचा एक मीटर. दोन मीटरचे आठशे. पोरीला हवेत दीड हजार. त्यांनी पुन्हा मांडून बघितलं. काकूंची टेप आणून शोकेसवर लावली. धावपट्टी संपते तिथे विमान जेमतेम अर्ध्या वाटेवर असेल. मग शोकेस संपेल, मग खुर्ची, मग स्वयंपाकघराचा उंबरठा.

काकांनी टेप गुंडाळली, उलगडली आणि पुन्हा लावली; उत्तर तेच आलं.

आता कुणीही म्हणेल, एक फोन करायचा आणि विचारून टाकायचं. पण तेच तर नको होतं. पोर एवढ्या मोठ्या कामाला उभी राहणार, आणि बापाने ऐन वेळी विचारायचं, की बाई, धावपट्टी पुरते ना? तिच्या डोक्यात तसलं काही भरवून दिलं आणि तिचा हात थरथरला तर? काकांनी तोंडाला कुलूप घातलं. विमानं रोज उतरतात हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण ती कशी उतरतात, हे आता त्यांना कळेना. सगळी विमानं थोडक्यात वाचत असावीत, असं त्यांनी ठरवून टाकलं.

झोप गेली. जेवण अर्ध्यावर आलं. काकूंनी विचारलं की "ॲसिडिटी" म्हणायचे आणि ताट सरकवायचे. काकूंना ते पटत नव्हतं. त्यांच्या मनात भलतंसलतं येऊ लागलं. यांना काहीतरी झालंय, डॉक्टरांनी सांगितलंय, आणि हे आपल्यापासून लपवतायत. एरवी बोलून मोकळ्या होणाऱ्या काकूसुद्धा गप्प झाल्या, कारण हा प्रश्न विचारला आणि उत्तर "हो" आलं तर काय, याची त्यांनाच धास्ती.

त्यातच समोरच्या मावशी दवाखान्यात येऊन धडकल्या. मावशी म्हणजे काकांच्या समोरच्या घरात राहणाऱ्या, एकट्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या, आवाज खणखणीत. त्यांची नवी कवळी काकांनी नुकतीच करून दिली होती.

"कवळीवाले, तुमच्या या दातांनी मी 'सासूबाई' म्हटलं की शिट्टी वाजते."

"पण तुम्ही म्हणता कशाला मावशी? सासूबाई जाऊन जमाना झाला," डॉक्टरीणबाई हसत म्हणाल्या.

"मग 'साखर' म्हणते. ऐका. साखर. वाजली की नाही? दुकानात मी साखर मागितली तर माणूस मागे वळून बघतो."

एरवी काका पोट धरून हसले असते. त्या दिवशी ते नुसते कवळी हातात धरून बसून राहिले. पुढचे दोन दात चक्क तिरके बसले होते. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "काका, बरं आहे ना?" तर काका म्हणाले, "ॲसिडिटी."

त्याच आठवड्यातल्या रविवारी दुपारी काकू कुणाकडे तरी पडदे लावून घरी परतल्या. दार लोटलेलं होतं. आत बघतात तर काका बाहेरच्या खोलीत गुडघ्यांवर, हातात विमान, आणि विमान शोकेसच्या टोकावरून निघून हवेतूनच पुढे पुढे चाललेलं.

"अहो! काय चाललंय हे?"

काका दचकले, पण उठले नाहीत. "हे बघ," ते म्हणाले. "इथे टेकलं. इथे धावपट्टी संपली. आणि हे अजून पळतंच आहे." गुडघ्यांवर सरकत ते खुर्चीच्या पुढे गेले आणि स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी थांबले. "इथे थांबतं. बबडी स्वतः म्हणाली, दीड हजार लागतात. आणि आहेत आठशे."

काकूंना आधी काही कळेना. मग कळलं, तशी हसू फुटायच्या बेतात आलं, पण नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी ते आवरलं. पिशवी टाकून त्या त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

"हे घेऊन बसला होतात इतके दिवस? एवढंच?"

"एवढंच काय? पोर आहे त्यात!"

"तसं नव्हे हो! मला वाटलं, तुम्हाला काहीतरी झालंय. मी इकडे देव पाण्यात घालून बसलेय, आणि तुम्ही..." त्यांनी पदर डोळ्यांना लावला, मग त्याच पदराने काकांचेही डोळे पुसले, आणि मग मात्र त्या मनसोक्त हसल्या. त्यांच्या छातीवरचा दगड तर तिथल्या तिथेच उतरला.

काकांचा उतरायचा होता. काकूंनी टेप गळ्यातून काढली. "अहो, पडद्याचं कापड तोकडं पडलं म्हणून खिडकी लहान होते का? त्या माणसाने तुम्हाला शोकेसचं माप दिलंय, विमानतळाचं नाही." आणि वर बोलायला जागा न ठेवता त्यांनी सरळ मॉडेलवाल्याला फोन लावला.

"अहो, सगळेच कापून करतात!" फोनमधून मॉडेलवाला जवळजवळ ओरडलाच. "मोठ्या विमानतळावरची धावपट्टी तीन हजार मीटरच्या आसपास असते. तंतोतंत करायची म्हटलं तर साडेसात मीटर होईल. कुणाच्या घरात मावते सांगा! काकांना बोललो नव्हतो का मी?"

"नव्हता बोललात," काकू म्हणाल्या.

"अरेच्चा," मॉडेलवाला म्हणाला.

काकांनी सगळं ऐकलं. डोक्याला पटलं, पण पोटाला काही पटेना. तीन हजार म्हणे. म्हणणाऱ्याचं काय जातं? "मला बघायचीय," ते हळूच म्हणाले. "डोळ्यांनी."

दुसरी एखादी बाई म्हणाली असती, आता पुरे. काकू उठल्या आणि टेपचं एक टोक त्यांनी काकांच्या हातात दिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीखालून सुरुवात. ओट्याजवळून, उंबरठ्यावरून, मशीनच्या कडेने, चपलांच्या स्टँडपाशी, दारापर्यंत. सहा मीटर आणि वर थोडं. पुढे घर संपलं.

"आता?" काका म्हणाले.

काकूंनी समोरच्या दाराकडे बघितलं आणि जाऊन बेल वाजवली.

"माझ्या घरात विमान येणार?" सगळी हकीकत ऐकून मावशी म्हणाल्या. "मग थांबा, मी टीपॉय हलवते. आणि कवळीवाले, मेल्या, त्यासाठी माझे दात तिरके केलेत होय? आधी नाही का सांगायचं!" 'सांगायचं'ला शिट्टी वाजली, आणि काका कितीतरी दिवसांनी हसले.

या वेळी पलंगाच्या फळीवर भागणार नव्हतं. काकूंनी विचारलं, "हा कागद ताग्यावर मिळत नाही का?" आणि मिळत होता. फरशी घासायच्या मशीनला लागतो तसला, गुंडाळी करून ठेवलेला, हवा तेवढा कापून देतात. खाली आधाराला काकूंनी पडद्यावरची झालर ठोकायच्या पातळ फळ्या दिल्या. कापायच्या खुणा शिवणाच्या खडूने केल्या, रेघा काकूंच्या आणि रंग काकांचा. वाळत घातलेली धावपट्टी घरभर पसरलेली, आणि दोघं तिच्यावरून टांगा टाकत चहा करतायत, ताटं वाढतायत. काम करता करता काकू एकदा म्हणाल्या, "इतकी वर्षं संसार केला, पण दोघांनी मिळून एक वस्तू केली अशी ही पहिलीच." काका म्हणाले, "बबडी?" काकू म्हणाल्या, "ती वस्तू नाही."

काकूंनी आणखी एक गोष्ट केली होती, ती काकांना न सांगता. बबडीला फोन करून सगळं सांगून टाकलं होतं.

पुढच्या एका रविवारी सकाळी दोन्ही दारं उघडी टाकून धावपट्टी मांडली. खिडकीखाली पेटीच्या पट्ट्या, मग काळे डाग, मग लांबच लांब राखाडी पट्टी, उंबरठ्यावर खाली लाकडाचे तुकडे सरकवून सपाट केलेली, जिन्यासमोरची मोकळी जागा ओलांडून थेट मावशींच्या दिवाणखान्यात. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ खाली जाताना थबकले, काही न विचारता लांब ढांग टाकून पुढे गेले. मावशी खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या होत्या, जणू पाणी आलंय.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि खांद्यावर बॅग घेतलेली बबडी वर आली. तिने पाय उचलला.

"पाय देऊ नकोस!" तिघंही एकदम ओरडले.

बबडी एका पायावर उभी राहिली. आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. मग भिंतीला धरून तिने हळूच पाय पलीकडे टाकला, बूट काढले, आणि काकांकडे बघितलं. काकांना वाटलं, आता ही रागावणार किंवा हसणार. पण ती शोकेसवरचं विमान घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेली आणि खिडकीखाली मांडी घालून बसली.

"या बाबा. इकडे, माझ्या बाजूला."

काका बसले. बबडीने विमान ओट्याच्या उंचीवरून हळूहळू खाली आणलं. "या पट्ट्यांवरून जाताना आपण अजून हवेतच असतो. इथे टेकायचं नसतं. टेकायचं जिथे तुम्ही हे काळं केलंयत तिथे. हे तुम्ही केलंत? किती बरोबर केलंय! सगळ्यांची चाकं इथेच लागतात. टेकलं. आता ब्रेक." विमान कागदावरून खरखर करत पुढे सरकलं. दोघं गुडघ्यांवर त्याच्याबरोबर सरकले, उंबरठ्यावरून बाहेरच्या खोलीत. वेग कमी, आणखी कमी. काकूंच्या मशीनच्या पायाजवळ बबडीने हात थांबवला.

"थांबलं."

"इथे?"

"इथे. बऱ्याचदा याच्याही आधी."

काकांनी विमानाकडे बघितलं, मग पुढे. "आणि हे उरलेलं?"

"ते उरतंच, बाबा."

काका उठले. धावपट्टीच्या कडेकडेने ते चालू लागले. खुर्चीवरून पुढे, चपलांच्या स्टँडवरून पुढे, दाराबाहेर, जिन्यासमोरून, मावशींच्या पायपुसण्यापर्यंत. चालले तरी पट्टी आपली चाललेलीच. शेवटच्या पांढऱ्या रेघेपाशी ते उभे राहिले आणि त्यांनी मागे वळून बघितलं. पार लांब, मशीनच्या पायाशी, विमान बोटाएवढं दिसत होतं.

"एवढी!" ते म्हणाले. मग मोठ्याने, "अगं, एवढी असते?"

"मग काय सांगतेय मी!" काकू आतून म्हणाल्या.

काकांनी मावशींच्या दाराची चौकट धरली. हसू आवरत नव्हतं. मावशींनी एक खुर्ची पुढे सरकवली आणि काका तिच्यात जाऊन बसले, ते थेट चहा आल्यावरच उठले.

चहा घेता घेता बबडी म्हणाली, "आणि बाबा, खाली येताना मला पटलं नाही, वारा विचित्र वाटला, तर मी उतरतच नाही." तिने विमान कागदाला टेकतंय टेकतंय असं खाली आणलं आणि तसंच वर नेलं, फ्रिजच्या वर. "पुन्हा वर जायचं, एक फेरी मारायची, निवांत पुन्हा यायचं."

काकांचा कप हातातच राहिला. "असं चालतं?"

"चालतं म्हणजे? शिकवतातच तसं."

"परवानगी?"

"परवानगी कसली? वर जायचं आणि सांगायचं, जातोय."

"हे आधी का नाही सांगितलंस मला?"

"तुम्ही कधी काही विचारलंत का? मी काहीही सांगितलं की तुम्ही नुसतं 'वा' म्हणता." बबडीच्या आवाजात तक्रार होती, पण मऊ. "मला वाटायचं, तुम्हाला यातलं काही ऐकायचंच नाहीये."

काकांनी कप खाली ठेवला. आणि मग धरण फुटलं. पाऊस असला तर? पक्षी आला तर? एक इंजिन बंद पडलं तर? दोन्ही पायलटांना एकदम शिंक आली तर? इतक्या वर्षांचे साठलेले प्रश्न एकामागून एक बाहेर पडले आणि बबडीने एकेकाला उत्तर दिलं, शिंकेला सुद्धा, हसता हसता पण नीट. चहा गार झाला, काकूंनी दुसरा ठेवला, तोही गार झाला. दुपार झाली तेव्हा काका भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर अशी सैल, सुखाची मरगळ होती, जशी ताप उतरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असते. त्या दिवशी ते दोनदा वाढून घेऊन जेवले आणि बबडी स्टेशनला निघेपर्यंत गाढ झोपले. तिने त्यांना उठवलं नाही.

मावशींना नवे दात मिळाले. त्यांनी दवाखान्यातच 'स'च्या सगळ्या शब्दांची परीक्षा घेतली, आणि एकही वाजला नाही म्हणून किंचित हिरमुसल्याही. धावपट्टी तुकड्या-तुकड्यांनी उचलून माळ्यावर गेली. फक्त टेकायच्या जागेचा तुकडा काकांनी बाहेर ठेवला. त्यावर विमान उभं केलं.

बबडीचा दिवस आला, त्या दिवशी काका कामावर गेले. काकू म्हणाल्या होत्या, घरीच थांबा, पण काका म्हणाले, नको, हाताला काम हवं. ते खोटं नव्हतं. सकाळभर त्यांनी एका खालच्या कवळीचं मेण कापलं, आणि हात एकदाही हलला नाही.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी त्यांना समोरच्या खोलीत बोलावलं. खुर्चीत एक भारदस्त गृहस्थ बसले होते, तोंडात माप घ्यायचा गुलाबी लगदा भरलेला, ओठ बंद करता येत नव्हते. काका माप बघायला वाकले, आणि खिशातला फोन वाजला.

"बाबा, उतरले."

काकांनी दुसऱ्या हाताने खुर्चीचा कोपरा धरला. "कशी?"

"मऊ. जरा पुढे टेकलं, पण मऊ. कॅप्टन म्हणाले, पुढची मात्र बरोबर डागावर हवी."

"जागा उरली ना?"

"मावशींचं अख्खं घर उरलं."

काका हसले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "जेवलीस का?" एवढंच त्यांना सुचलं. ती म्हणाली जेवते, आधी आईला फोन करते. फोन ठेवून काकांनी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, "मुलीने विमान उतरवलं. प्रवासी घेऊन." डॉक्टरीणबाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या, आणि खुर्चीतल्या गृहस्थांनी डोळे मोठे केले, काकांचा हात धरला आणि अभिनंदन करायला तोंड हलवलं.

"नका, नका, बोलू नका," काका डोळे पुसत घाईघाईने म्हणाले. "माप बिघडेल!"